प्रागच्या खिडक्या

समरीनला वाटलं होतं, रियाधला उतरल्याबरोबर भीती दिसेल. बोचकी उशाशी घेऊन विमानतळावर पसरलेली माणसं, ओस रस्ते, आणि या सगळ्यात आपली कुणाला तरी गरज. एडिनबर्गच्या वाचनालयात वर्तमानपत्रं वाचून तिनं मनाशी जे चित्र रंगवलं होतं, त्याच्या मधोमध ती स्वतः कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होती. प्रत्यक्षात रियाधच्या बथ्था बाजारामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, तिचे अब्बा लुंगी वर खोचून स्टुलावर चढले होते आणि मागच्या खोलीच्या खिडकीला चिकटपट्टी लावत होते. अम्मी खाली बसून सुकट निवडत होती.

"आलीस?" अब्बा वळून म्हणाले. "बरं झालं. ती कात्री दे आधी."

इराकशी युद्ध सुरू व्हायला तेव्हा आठवडा होता. काच फुटली तरी उडू नये म्हणून अख्ख्या गल्लीनं खिडक्यांवर पट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या. अब्बांना, म्हणजे हारूनभाईंना, फुली पटली नव्हती. जन्म जैतापूरच्या खाडीकाठचा, अंगठ्यावर अजून जाळी विणणाऱ्याचा घट्टा. आखातात येऊन टायरच्या दुकानात उमर गेली तरी हात जुनेच. त्यांनी पट्टीचं जाळं विणलं होतं, तिरक्या चौकटींचं, एकसारखं. गल्लीतली माणसं खाली उभी राहून ते बघून जात.

समरीनला लहानपणीच पाचगणीच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. तिथून शिष्यवृत्तीवर ती थेट स्कॉटलंडला. आईबापांचं घर तिला सुट्टीपुरतं ठाऊक. आता शिक्षण संपलं होतं आणि ती परत आली होती ती काही ठरवून. इथल्या आपल्या माणसांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, कपाटात असतात, एका गावातून दुसऱ्या गावी जायचं तर त्याची चिठ्ठी लागते, हे तिनं तिकडच्या मित्रांना सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघून तिलाच शरम वाटली होती. येताना स्वस्त तिकिटापायी विमान प्रागला थांबलं. पूर्ण एक दिवस हातात होता. तिनं तो सगळा पायांवर काढला. उजाडता उजाडता नदीवरच्या पुलावर, मग चढण चढून किल्ल्यावर, मग जुन्या गल्ल्यांतून चौकात, बोटं बधिर होईपर्यंत फोटो. त्याच चौकांत वर्षभरापूर्वी साधी माणसं हातातल्या चाव्या वाजवत उभी राहिली होती आणि एक गोळी न झाडता त्यांनी राज्य उलटवलं होतं. त्या जागा अब्बांना दाखवायच्या, दुकानातल्या त्यांच्या सोबत्यांना दाखवायच्या, असं तिनं ठरवलं होतं.

"चाव्या वाजवून?" अब्बा हसले. "आमच्याकडे चाव्या दुकानाच्या, बाय. वाजवल्या तर गिऱ्हाईक येईल."

मग युद्ध सुरू झालं. भोंगे वाजू लागले, आकाशात पांढऱ्या रेघा फुटू लागल्या. अम्मीनं पहिल्याच आठवड्यात बॅग भरली. तिचा भाऊ मुनाफ जेद्द्याला, शराफिया मोहल्ल्यात. तिथवर क्षेपणास्त्रं पोचत नव्हती. पण कफील कुटुंब घेऊन ताइफला निघून गेला होता, दुकान हारूनभाईंच्या हवाली करून. चिठ्ठीशिवाय निघावं तर वाटेत चौक्या. आणि निघायचं नावच ते काढत नव्हते.

"माणूस विश्वासानं किल्ल्या देऊन गेलाय," ते म्हणत.

समरीनचं म्हणणं वेगळं, पण निष्पत्ती तीच. पळायचं नाही. इथंच राहून जे घडेल ते टिपायचं.

"बापलेक दोघं शहाणे," अम्मी म्हणाली. "एकाला दुकान सोडवत नाही, एकीला दुनिया. मधल्यामध्ये मी मरते."

पण बॅग तिनं रिकामी केली नाही. बॅग दाराशीच उभी होती.

आता प्रागचे फोटो. बथ्थातला मोहियुद्दीन फोटोवाला युद्धाच्या आधीच स्टुडिओ बंद करून गेला, पण जाताना आपला एनलार्जर, ट्रे, लाल दिवा आणि रसायनांच्या बाटल्या विश्वासानं हारूनभाईंकडे ठेवून गेला. सगळ्यांना वस्तू ठेवायला हाच एक माणूस सापडत असे. समरीननं ते सामान बघितलं आणि मग मागची खोली बघितली. विषारी वायूच्या धाकानं घराघरातून अशी एक खोली बंद केली होती. पट्ट्यांचं जाळं असलेल्या खिडकीवर आतून जाड प्लास्टिक, त्यावर घोंगडी, फटींना पट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल. काजळासारखा काळोख. इतकी चांगली डार्करूम तिला एडिनबर्गलाही मिळाली नव्हती.

फिल्म तिनं आदल्या दिवशीच धुवून वाळवली होती. त्या रात्री, इशाची नमाज आणि जेवणं उरकल्यावर, ती लाल दिवा लावून एकटी कामाला बसली.

पहिला फोटो पुलाचा. पांढरा कागद डेव्हलपरमध्ये हलवत राहिलं की त्यावर हळूहळू शहर वर येतं, तळातून येत असल्यासारखं. धुकं आलं, पुतळे आले, दगडी कठडा आला. छान होता. दुसरा नदीपलीकडच्या घरांचा. घरं आली, छपरांवरचं बर्फ आलं, खिडक्या आल्या. खिडक्यांत बारीक रेघा होत्या. निगेटिव्हवर चरे पडले असावेत म्हणून ती चुकचुकली. मग तिनं भिंग घेतलं.

चरे खिडक्यांच्या बाहेर कुठंच नव्हते. भिंतीवर नाहीत, आकाशात नाहीत. प्रत्येक काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन पट्ट्या. फुली. त्या ओळीतल्या प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीला.

ती भिंग तसंच धरून राहिली. प्रागला त्या घरांसमोर ती बराच वेळ उभी होती. छपरांवरच्या धुराड्यांतून कोळशाचा पिवळसर धूर निघत होता आणि त्याचा आंबूस वास तिच्या कोटाला दिवसभर चिकटला होता. काचा कोऱ्या होत्या. एका काचेत तिला आकाश दिसलं होतं, म्हणून तर तिनं तो फोटो काढला होता.

तेवढ्यात भोंगा वाजला.

दार उघडून अम्मी आली, तिच्या मागे वरच्या मजल्यावरचे गुरुनाथकाका. ते बँकेत, बायकोपोरांना पुण्याला धाडून एकटेच राहिले होते आणि भोंगा झाला की मोठ्या काचांचं आपलं घर सोडून खाली येत. बँकेनं दिलेला, सोंडेसारखी नळी असलेला गॅसचा मुखवटा त्यांच्या हातात असे, पण चढवत नसत.

"तुम्ही तिघं फडकी लावून बसणार आणि मी एकटा हत्तीचं पिल्लू," ते म्हणाले. "अरे, आज लाल दिवा? हारूनभाई, धंदा बदललात काय?"

"मोठा दिवा लावू नका," समरीन म्हणाली. "कागद खराब होतील."

अब्बा शेवटी आले. दार लावून त्यांनी ओला टॉवेल फटीत दाबला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. बाहेर भोंगा चढत होता, उतरत होता. खोलीत चार माणसांचा श्वास, ओल्या फडक्यांचा कुबट वास आणि हायपोचा, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबट वास.

"काय गो सम्मो, थांबलीस कशाला?" अम्मी म्हणाली. "दाखव तरी तुझं ते शहर. तेवढाच जीव रमेल."

समरीननं पुढची निगेटिव्ह लावली. हात चालू राहिले की बरं, असं तिला वाटलं. गल्लीतलं एक जुनं घर, उंच दार, दाराच्या वर एकुलती एक खिडकी. प्रकाश दिला, कागद ट्रेमध्ये सोडला. तिघं वाकून बघू लागली.

"हे काय, युरोपातसुद्धा चिकटपट्टी?" गुरुनाथकाका म्हणाले.

"काका, मी गेले तेव्हा नव्हती."

"असेल गं. मागच्या महायुद्धातली. सरकारी इमारत असेल, कोण पुसतंय." ते हसले. मग फोटो आणखी गडद झाला आणि त्यांचं हसू थांबलं.

या खिडकीला फुली नव्हती. तिरक्या चौकटी होत्या, एकसारख्या, वरपासून खालपर्यंत.

अब्बा स्टुलावरून उठून आले होते.

"पट्टी माझी आहे," ते म्हणाले.

"अहो, काय बोलता..." अम्मी म्हणाली.

"माझा हात मला कळत नाही? खाली डाव्या कोपऱ्यात बघ. एक चौकट उघडी आहे."

होती. तळाच्या कोपऱ्यात एक पट्टी अर्ध्यातच सोडलेली.

"तिथं पट्टी संपली असेल," समरीन म्हणाली.

"संपली नव्हती. सोडायची असते." अब्बांचा आवाज साधा होता, दुकानात माल दाखवताना असतो तसा. "आमच्यात जाळं विणताना खालचं एक छिद्र बांधत नाहीत. खाडीत बुडून गेलेला कुणी जाळ्यात आला, तर त्याला परत जायला वाट हवी. नाहीतर तो घरातल्या कुणाला तरी बदल्यात मागतो. बाप सांगायचा. मला काही खरं वाटत नाही, पण हात सोडतो."

ती खिडकी त्यांच्या पाठीमागेच होती. घोंगडीच्या आड, प्लास्टिकच्या आड.

"पुरे आता. ठेव ते," अम्मी म्हणाली.

पण पुढच्या कागदावर समरीननं प्रकाश देऊन टाकला होता. बोलता बोलता, सवयीनं. आणि निगेटिव्हमध्ये काय होतं ते तिला स्पष्ट आठवत होतं. रुंद रस्ता होता. वळणावर ट्राम होती. तिला ती ट्राम बघायची होती. ती ट्राम दिसली की सगळं ठीक होणार होतं. तिनं कागद ट्रेमध्ये सोडला.

ट्राम आली नाही. जाळं आलं, अगदी जवळून, कागद भरून. काच तडकलेली होती आणि तुकडे पट्टीला लोंबकळत होते. जाळ्याच्या आड एक खोली होती. घोंगडी नव्हती, प्लास्टिक नव्हतं. आत भिंतीला टेकून एक बाई बसली होती, ओढणी तोंडाशी धरून. तिच्या शेजारी मांडीवर मुखवटा घेतलेला एक माणूस. मध्ये टेबलापाशी एक मुलगी पाठमोरी वाकलेली.

समरीननं आपली वेणी पुढे ओढून हातात घट्ट धरली. फोटोतली वेणी पाठीवरच होती.

"दाराजवळ स्टूल आहे," अब्बा म्हणाले. "मी कुठाय?"

स्टूल होतं. स्टुलावर ओला टॉवेल पडलेला होता. आणखी काही नव्हतं.

"तुम्ही..." गुरुनाथकाकांना गप्प बसणं जमत नसे, विशेषतः घाबरल्यावर. "फोटो तुम्ही काढत असाल, हारूनभाई."

ते बोलले आणि त्यांनाच ते ऐकू आलं. चौघांचीही नजर घोंगडीकडे गेली. त्या घोंगडीपलीकडे तिसऱ्या मजल्याची हवा होती. पाय टेकायला खिडकीबाहेर वीतभर कट्टासुद्धा नव्हता.

मग धमाका झाला. जवळ, फार जवळ. जमीन एका बाजूला ढकलल्यासारखी झाली, बाटल्या आपटल्या आणि लाल दिवा गेला.

काळोखात आधी काहीच ऐकू येईना. कान नुसते वाजत होते. मग समरीनला थंडी जाणवली. पायापासून नव्हे, तोंडावर. दार उघडून कुणी बाहेर जावं आणि पहाटेची हवा आत यावी तशी. आणि त्या हवेला वास होता. दारूगोळ्याचा नाही, जळक्या रबराचा नाही. कोळशाच्या धुराचा, आंबूस, ओलसर.

तो वास या गावात नव्हता. तो तिनं आयुष्यात एकाच दिवशी घेतला होता.

"अब्बा..."

तिनं काळोखात हात फिरवला.

"अब्बा... कुठं आहात?"

ती चाचपडत दाराकडे गेली. गुडघा स्टुलाला लागला. तिनं दोन्ही हात पसरून स्टूल चाचपलं. फोटोत होता तसाच टॉवेल होता. गार पडलेला, कडक झालेला. बोटांखाली तो मोडला, खरवडलेल्या बर्फासारखा आवाज करत.

"आबिदाभाभी, बटण कुठाय?" गुरुनाथकाका किंचाळले. "बटण..."

ट्यूबलाइट एकदोनदा लुकलुकली आणि लागली.

अब्बा स्टुलावर बसले होते. समरीनचे हात त्यांच्या गुडघ्यांवर होते.

"अशी काय बघतेस?" ते म्हणाले. "मी इथंच आहे. कुठं जाणार?"

त्यांचे केस भिजलेले होते. भुवयांवर, खांद्यांवर पांढरे कण होते. ती बघत असतानाच ते विरघळले आणि बनियनवर ओले डाग पसरले.

"घामानं निथळलेत बघ," असं म्हणत अम्मीनं ओढणीनं त्यांचं डोकं पुसलं. पुसताना तिच्या हाताला काय लागलं ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं, पण ती पुसतच राहिली. "घामच आहे," ती पुन्हा म्हणाली.

ट्रेमधले कागद झगझगीत उजेडात सगळे काळे झाले होते. एकावरही काही उरलं नव्हतं.

भोंगा थांबल्यावर काका वर गेले नाहीत. बैठकीत सतरंजीवर आडवे झाले.

सकाळी उन्हात समरीननं निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली. पूल होता. नदीकाठची घरं होती, त्यांच्या काचा कोऱ्या होत्या. उंच दाराचं घर होतं. वळणावर ट्राम होती. भिंगातून, डोळे दुखेपर्यंत, तिनं प्रत्येक चौकट पाहिली. एका दिवसात पायी फिरून पाहिलेलं एक सुंदर शहर, आणखी काही नाही. तिला धीर यायला हवा होता. आला नाही.

अब्बा चहाला बसले होते. अंगावर गोधडी, तरी खांदे आखडलेले. अम्मीनं हीटर त्यांच्या पायाशी आणून ठेवला होता.

"बाय," ते हळूच म्हणाले, "तुझ्या त्या शहरात कोळसा जाळतात का गो?"

अम्मी चहा ओतताना थांबली.

"नाही," समरीन म्हणाली. बापाशी ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती.

"मग दुसरीकडचा असेल." त्यांनी कपावर हात शेकले. "वास जात नाही नाकातला. दुकान उघडायला हवं."

"दुकान उघडायचं नाही. आज जेद्द्याला निघायचं."

"चिठ्ठी?"

"मी लिहिते."

"आणि सही?"

"तीही मीच करते."

हारूनभाईंनी लेकीकडे पाहिलं. माणसानं खरं बोलावं, हक्कानं मागावं, म्हणून महिनाभर घर डोक्यावर घेणारी पोर ती हीच. त्यांनी गुरुनाथकाकांकडे पाहिलं.

"टाइपरायटर माझ्याकडे आहे," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "गाडीपण आहे. बँकेचं पत्र आहे माझं, ते पुढे करू. यल्ला, निघू या, हारूनभाई. आता वाद नको."

अब्बा वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि किल्ल्यांचा जुडगा काढून चहाच्या बशीशेजारी ठेवला. एवढ्या सहज ते कधीच मानले नसते.

चिठ्ठीत नंबर घालायला तिनं त्यांचा इकामा, राहण्याचा परवाना, मागितला. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून अम्मीनं ती पुस्तिका आणून दिली. समरीन काकांनी वरून आणलेल्या टाइपरायटरपाशी बसली आणि तिनं पुस्तिका उघडली.

नाव होतं. जन्मवर्ष, धंदा, कफीलचं नाव, सगळं जागच्या जागी. फोटोही होता. स्टुडिओचा निळा पडदा, त्यावर डाव्या कोपऱ्यात उमटलेला गोल सरकारी शिक्का. पडद्याला मध्यभागी सुरकुत्या होत्या, समोरून आताच कुणी उठून गेल्यासारख्या. पडद्यासमोर कुणी नव्हतं.

तिनं दाराकडे पाहिलं. अब्बा गोधडीत बसून चहा पीत होते. पिताना घोट घशाखाली उतरल्याचा आवाज येत होता.

तिनं नंबर टाइप केला, सही केली. मग पुस्तिका मिटून चिठ्ठीत गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये तळाशी ठेवली. वाटेत चौक्या लागणार होत्या, आणि कुणी ना कुणी ती उघडून बघणारच होतं. उघडू दे. त्या वेळी अब्बांना मध्ये बसवायचं, खिडकीशी नाही. एका बाजूला अम्मीनं हात धरायचा, एका बाजूला आपण. आणि जेद्दा येईपर्यंत दोघींपैकी कुणीही तो सोडायचा नाही.